पिंगला, म्हणजे बटरवर्टला, पाणी घालायच्या आधी त्याची पानं बघा

बटरवर्ट पहिल्यांदा हातात आलं की बऱ्याच जणांना हे कीटकभक्षी आहे यावर विश्वासच बसत नाही. व्हीनस फ्लायट्रॅपसारखा जबडा नाही, घटपर्णीसारखी सुरई नाही, नुसतं मातीला चिकटून बसलेलं पानांचं एक चक्र, पोपटी नाहीतर गुलाबीसर, आणि वरून तुपाचा हात फिरवल्यासारखं चकचकीत. नावातच लोणी आहे. शास्त्रीय नाव पिंग्विक्युला, तेही चरबी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय. पाळणारे सगळे नुसतं पिंग म्हणतात, मीही तेच म्हणणार.

पान जरा डोळ्याजवळ धरून, उजेडात तिरकं करून बघा. पूर्ण पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याहूनही बारीक बारीक थेंब उभे दिसतात, प्रत्येक थेंब एका केसासारख्या देठावर. हा झाला चिकट गोंद. त्याच्या खाली, पानाला टेकून, बिनदेठाच्या दुसऱ्या ग्रंथी असतात त्या साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, किडा अडकून धडपडायला लागला की त्या पाचकरस सोडतात. चिलट बसलं की संपलं, दोन-तीन दिवसांत त्याचं फक्त काळं टरफल उरतं. काही जातींत पानाची कड हळूहळू आत वळते, म्हणजे रस वाहून जाऊ नये म्हणून. डार्विनने 1875 च्या कीटकभक्षी वनस्पतींवरच्या पुस्तकात या झाडाला एक आख्खं प्रकरण दिलंय, पानावर काय काय ठेवून कड किती वळते ते बघत बसला होता तो.

तर आता मुद्द्याचं. पिंग मरतात ती पाण्यामुळे, आणि जास्त करून हिवाळ्यात. माझं पहिलं पिंग असंच गेलं. मी कुठेतरी वाचलेलं की कीटकभक्षी झाडांना कायम पाण्याच्या बशीत ठेवायचं, म्हणून ठेवलं. घरी आलं तेव्हा त्याची पानं छोटी, जाड, मांसल होती, अजिबात चिकट नव्हती, मला वाटलं बिचारं तहानलेलं आहे, म्हणून अजून पाणी. तीन आठवड्यांनी सहज बोट लावलं तर आख्खं चक्र अलगद सुटून हातात आलं, खाली मुळं नाहीतच, मधला गाभा तपकिरी चिखल झालेला. ते तहानलेलं नव्हतं, झोपलेलं होतं, आणि मी त्याला झोपेत बुडवून मारलं.

म्हणून या लेखात पाणी आणि सुप्तावस्था हे दोन वेगळे विषय मी करणारच नाही. एकच विषय आहे तो.

आधी आपल्याकडे कुठलं पिंग आहे ते शोधा

पिंगच्या शंभराच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या मेक्सिकोतल्या. नवख्या माणसाला सगळ्या जाती माहीत असायची काही गरज नाही, तीन गट कळले तरी पुरे.

पहिला गट मेक्सिकन. मोरानेन्सिस, एसेरियाना, एह्लर्सी, सायक्लोसेक्टा, जिप्सिकोला, लाल फुलाची लाउएना, आणि दुकानात हमखास मिळणारे संकर म्हणजे वेझर, सेथोस, टीना, आफ्रोडाइटी. यातली बहुतेक मंडळी वर्षातून दोन वेष बदलतात. वाढीच्या दिवसांत मोठी चिकट पानं आणि कोरड्या थंड दिवसांत छोटी, जाड, न चिकटणारी पानं, लांबून बघितलं तर एखादं सक्युलंट, म्हणजे मांसल पानांचं झाड, वाटावं अशी. यांना बर्फ नको, फ्रिज नको, फक्त कोरडं राहायला द्या. याच गटात जायगँटिया, अग्नाटा, इमार्जिनाटा अशा काही जाती आहेत ज्या वेष बदलत नाहीत, वर्षभर चिकटच राहतात, फक्त हिवाळ्यात जरा मंदावतात. जायगँटियाची तर पानं खालच्या बाजूनेही चिकट असतात, कुंडी हलवताना बोटांना कळतंच.

दुसरा गट थंड प्रदेशातला, ग्रँडिफ्लोरा, व्हल्गॅरिस, अल्पिना वगैरे. ही हिवाळ्यात पूर्ण आक्रसून एक घट्ट कळी होऊन बसतात, तिला हायबरनॅक्युलम म्हणतात. यांना खरी थंडी लागते, काही महिने, आणि उन्हाळ्यात पारा पंचविशीच्या वर टिकून राहिला की कुरकुर सुरू.

तिसरा गट अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यातला, प्रिम्युलिफ्लोरा, ल्युटिया, प्लॅनिफोलिया. झोपत नाहीत, पाय कायम ओले लागतात. प्रिम्युलिफ्लोरा पानाच्या टोकाला आपली आपण पिल्लं काढते ते बघायला मजा येते, पण आज छान आणि पुढच्या आठवड्यात मेलेली असंही करते, त्यामुळे पिल्लं वेळेवर वेगळी करत राहायचं.

माझं मत विचाराल तर पहिलं झाड मेक्सिकनच घ्या, त्यातही संकर घ्या. वेझर किंवा टीना. चुका पोटात घालतात. लेबल नसलेलं झाड मिळालं तर निव्वळ दिसण्यावरून नाव ठरवायच्या भानगडीत पडू नका, घरातल्या खिडकीत वाढवून विकलेलं, जांभळ्या-गुलाबी फुलाचं असेल तर ते मेक्सिकन असायची शक्यता सगळ्यात जास्त, तसंच धरून चाला.

कुंडी आणि माध्यम (मातीऐवजी भरायचं मिश्रण)

यावर लोक तासन् तास वाद घालतात, मी थोडक्यात उरकतो. बागेची माती नाही, कंपोस्ट नाही, गांडूळखत नाही, आणि पाकिटावर "पोषक द्रव्यांसह" असं लिहिलेलं पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुसा) तर मुळीच नाही. या झाडांची मुळं गरीब, जवळपास उपाशी जमिनीसाठी बनलीत, खताने ती जळतात.

मेक्सिकनसाठी मी एक भाग साधं पीट मॉस, एक भाग परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) आणि एक भाग जाड सिलिका वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (फुगवलेला अभ्रकासारखा खनिज चुरा) घेतो. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. पाणी निथळून गेलं पाहिजे आणि ओल मात्र राहिली पाहिजे, एवढंच बघायचं. थंड प्रदेशातल्यांना आणि तिसऱ्या गटाला पीट वाढवा, अर्धं पीट अर्धं परलाइट चालतं. कोरडं पीट पाणी पीतच नाही, वर तरंगत बसतं, म्हणून कुंडीत भरायच्या आधी बादलीत शुद्ध पाणी टाकून हाताने नीट चुरून घ्या, रात्रभर राहू दे.

कुंडी प्लॅस्टिकची, सात-आठ सेंटीमीटर रुंद, खाली भोकं असलेली. मुळं इतकीशी असतात, खोल कुंडीचा उपयोग नाही. साध्या मातीच्या कुंडीत क्षार साठतात आणि ती भराभर सुकते, ग्लेझ केलेली असेल तर चालेल. आणि काचेच्या बंद बरणीत लावायचा मोह होतो, फोटोत फार सुंदर दिसतं, पण हवा खेळत नाही आणि झाड कुजतं. खोलीतली साधारण आर्द्रता पिंगला पुरते.

पाणी कुठलं

नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी चालत नाही. त्यातले क्षार झाड वापरत नाही, पाणी उडून जातं आणि क्षार कुंडीतच मागे राहतात, दर आठवड्याला थोडे थोडे साठत जातात आणि सहा-आठ महिन्यांनी झाड विनाकारण खंगायला लागतं तेव्हा आपल्याला कळतच नाही का ते. कुंडीच्या काठावर किंवा परलाइटवर पांढरा थर दिसला की समजायचं.

पावसाचं पाणी, डिस्टिल्ड वॉटर किंवा आरओचं पाणी, हे तीन पर्याय. छोटा टीडीएस मीटर घ्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनाएवढा असतो, एकदा घेतला की अंदाजपंचे कारभार संपतो. 50 च्या खाली आकडा आला तर डोळे मिटून वापरा. 50 ते 100 मध्ये मेक्सिकन निभावून नेतात, कारण त्यातल्या बऱ्याच जाती मुळात चुनखडीच्या आणि जिप्समच्या कड्यांवर वाढतात, पण कुंडी अधूनमधून धुवावी लागते. त्याच्या वर नको.

इथे काही गैरसमज आहेत ते आत्ताच काढून टाकूया. पाणी उकळून विरघळलेले क्षार पुरते जात नाहीत, पाणी आटतं तसे उरलेले दाट होतात. साधा कँडल फिल्टर किंवा यूव्ही जंतू अडवतो, विरघळलेले क्षार नाही. वॉटर सॉफ्टनरचं पाणी तर अजिबात नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. आणि घरातल्या आरओवर आंधळा विश्वास नको, कारण बऱ्याच मशिनांमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायची किंवा खनिजं घालायची सोय असते, मी माझ्या ओळखीतल्या एकाच्या आरओला मीटर लावला तर 140 दाखवत होता, तो वर्षभर तेच घालत होता आणि पीटला दोष देत होता. एसीच्या पाइपमधून ठिबकणाऱ्या पाण्याचं पण लोक विचारतात. क्षार कमी असतात हे खरं, पण ते धुळकट धातूच्या पत्र्यांवरून वाहत येतं आणि मीटर फक्त क्षार सांगतो, मळ सांगत नाही. अडीनडीला ठीक, रोजचं नको.

वाढीच्या दिवसांत पाणी कसं

पानं मोठी, पातळ, चिकट आणि चमकणारी असतील तर झाड जागं आहे. तेव्हा खालून पाणी द्यायचं. ट्रेमध्ये अर्धा ते एक सेंटीमीटर पाणी घालायचं, कुंडी ते शोषून घेते, ट्रे पूर्ण सुकला की एक-दोन दिवस थांबायचं आणि मग परत. हे एक-दोन दिवस थांबणं मेक्सिकनसाठी महत्त्वाचं आहे, मुळांना हवा मिळते. थंड प्रदेशातल्यांना आणि प्रिम्युलिफ्लोरा मंडळींना थांबायची गरज नाही, त्यांचा ट्रे सुकूच द्यायचा नाही.

किती दिवसांनी पाणी घालू, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याला आकड्यात उत्तर नाही, कारण उजेड, वारा, कुंडीचा आकार, माध्यमातलं पीट यावर सगळं अवलंबून. त्यापेक्षा हाताला वजन शिकवा. पाणी घातल्या घातल्या कुंडी उचलून बघा, मग चार दिवसांनी परत उचलून बघा. दोन-तीन आठवड्यांत हाताला कळायला लागतं, ओली कुंडी कशी आणि अर्धी सुकलेली कशी. मला आता ट्रेकडे बघावंही लागत नाही.

वरून पाणी का नाही, तर पानांवरचा चिकटा धुऊन जातो. एकदा गेला तर परत येतो, दोन-तीन दिवसांत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण चक्राच्या मध्यभागी पाणी साचून राहिलं की गाभा कुजतो. अपवाद एकच, वाढीच्या दिवसांत दोनेक महिन्यांतून एकदा कुंडीच्या कडेकडेने वरून भरपूर शुद्ध पाणी ओतून खालून वाहू द्यायचं, साठलेले क्षार निघून जातात. ते वाहून आलेलं पाणी फेकून द्या, ट्रेमध्ये ठेवू नका, नाहीतर धुऊन काय उपयोग.

उजेड भरपूर पाहिजे. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास आणि बाकी दिवस लख्ख उजेड, असं मिळालं तर झाडाचा रंग खुलतो, पानांवर गुलाबी छटा येते. खिडकीत ते जमत नसेल तर एलईडी लाइट, फूटभर उंचीवर, बारा-चौदा तास. पानं फिकट, लांबुळकी, मान टाकलेली आणि थेंब कमी, म्हणजे उजेड कमी. पानं तांबूस-तपकिरी आणि कडा करपलेल्या, म्हणजे जास्त. उजेड कमी असेल तर पाणीही कमी पिईल हे लक्षात ठेवा, लोक एक गोष्ट बदलतात आणि दुसरी तशीच ठेवतात.

खायला काय घालायचं हा आवडीचा विषय असतो नवीन माणसाचा. खिडकीत ठेवलं तर कुंड्यांभोवतीची चिलटं ते आपली आपण पकडतं, बाकीच्या घरातल्या झाडांमधली मातीतली चिलटं कमी व्हायला म्हणूनसुद्धा लोक पिंग ठेवतात. चिलटं नसतील तर माशांचं खाद्य, ते फ्लेक्स असतात ना, त्याची बोटांनी पूड करून चिमटीच्या टोकावर येईल इतकी एक-दोन पानांवर भुरभुरवा, पंधरा दिवसांतून एकदा. जास्त टाकलंत तर पचायच्या आधी बुरशी धरते आणि पानावर तपकिरी डाग पडतो. मांसाचा तुकडा, दूध वगैरे प्रयोग नको.

वेष बदलायला लागलं की

आता खरी परीक्षा. दिवस लहान व्हायला लागतात, रात्री गार होतात, उत्तर गोलार्धात साधारण ऑक्टोबरच्या सुमारास, आणि मेक्सिकन पिंगच्या मध्यातून येणारं नवीन पान आधीच्यापेक्षा लहान येतं. मग अजून लहान. हाताला लावून बघा, चिकट नाही, जाडसर आहे, काही जातींत त्यावर बारीक लव असते. खालची जुनी मोठी पानं हळूहळू पिवळी पडून वाळतात. नवखा माणूस इथेच घाबरतो, झाड लहान होतंय, पानं वाळतायत, थेंब गेले, म्हणजे काहीतरी कमी पडतंय. काही कमी पडत नाहीये. हे बदलायला महिना-दीड महिना सहज लागतो आणि तोपर्यंत एकाच झाडावर दोन्ही प्रकारची पानं असतात.

कॅलेंडर बघून पाणी बंद करू नका, पानं बघून करा. माझ्याकडे एकाच खिडकीत एसेरियाना झोपते तेव्हा शेजारची मोरानेन्सिस अजून महिनाभर चिलटं पकडत असते, दोघींना एकच नियम लावला असता तर एक मेली असती.

पहिली तीन-चार जाड पानं दिसली की ट्रेमधलं पाणी बंद. कुंडी आपोआप सुकू द्या, घाई नको. जाड पानांचं चक्र पूर्ण बंद झालं, म्हणजे मोठं चिकट पान एकही राहिलं नाही की कुंडीच्या अगदी काठाने दोन-तीन चमचे पाणी, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. बस. माध्यमात पीट जास्त असेल तर याहून कमी, परलाइट आणि वाळूच जास्त असेल तर किंचित जास्त कारण ते लवकर सुकतं. चक्राला पाण्याचा थेंब लागता कामा नये. जिप्सिकोलासारख्या जातीला तर मी जवळपास काहीच देत नाही. त्या जाड पानांमध्येच पाणी साठवलेलं असतं, ती पानं थोडी सुरकुतली की चमचाभर द्या, परत टरारून येतात. सुरकुतलेलं झाड वाचवता येतं, कुजलेलं नाही, म्हणून शंका आली तर पाणी देऊच नका.

उजेड मात्र तसाच ठेवायचा. झोपलंय म्हणून कपाटात किंवा कोपऱ्यात ठेवू नका, पानं हिरवी आहेत, त्यांना उजेड लागतोच. रात्री दहा-पंधरा अंशांपर्यंत गेलेलं त्यांना आवडतं, पण गारठा मिळाला नाही तरी अडत नाही. या काळात खाद्य बंद, पान चिकट नाही तर पकडणार आणि पचवणार कशाने. वाळलेली जुनी पानं चिमट्याने काढून टाका, त्याखाली बुरशी दडते.

आणि जर कृत्रिम उजेडात बारा-चौदा तास वर्षभर ठेवलंत, पाणीही देत राहिलात, तर काही झाडं झोपतच नाहीत किंवा अर्धवट झोपतात. चालतं. पण फुलं हवी असतील तर झोपू द्यावं असं माझं मत, एसेरियाना आणि एह्लर्सी झोपेच्या शेवटी शेवटी त्या छोट्याशा जाड चक्रातूनच फुलाचा दांडा काढतात, रुपयाच्या नाण्याएवढ्या झाडावर बोटभर उंच दांडा आणि वर जांभळं फूल. दांडा आला म्हणजे जाग आली असं समजून पाणी वाढवू नका, मी केलंय ते, अजून एक झाड घालवून.

अग्नाटा, जायगँटिया वगैरे न झोपणाऱ्यांना पूर्ण कोरडं करायचं नाही. ट्रे सुकल्यावर एक-दोन दिवसांऐवजी पाच-सहा दिवस थांबा, एवढाच फरक.

थंड प्रदेशातल्यांची झोप

यांचं सगळं उलटं. शरद ऋतूत पानं सडल्यासारखी विरघळतात आणि मध्ये एक हिरवी घट्ट कळी उरते. ग्रँडिफ्लोरा आणि व्हल्गॅरिसची मुळंसुद्धा मरतात, त्यामुळे कळी मातीवर नुसती सुटी पडलेली असते, वरून पाणी घातलं तर वाहून जाईल अशी. अल्पिना मुळं टिकवून ठेवते.

बाहेर हिवाळा पुरेसा थंड असेल तर कुंडी बाहेरच राहू द्या, दमट पण पाण्यात उभी नको. नसेल तर फ्रिज. कळीवरची मेलेली पानं साफ करा, जेमतेम दमट स्फॅग्नम मॉसमध्ये (दलदलीत वाढणारं शेवाळ) गुंडाळा, मॉस आधी मुठीत पिळा, एकही थेंब गळायला नको. झिपच्या पिशवीत घाला, तारीख लिहा आणि खालच्या कप्प्यात ठेवा, 2 ते 5 अंश, तीन-चार महिने. फ्रीझरमध्ये नाही. दोन-तीन आठवड्यांनी उघडून बघा, पांढरी बुरशी दिसली तर कळी पुसून मॉस बदला. मोठ्या कळीभोवती तांदळाच्या दाण्याएवढ्या छोट्या कळ्या दिसतील, त्यांना जेमी म्हणतात, प्रत्येकीचं वेगळं झाड होतं, झोपेतच त्या अलगद वेगळ्या करून ठेवा. दिवस मोठे व्हायला लागले की टोक वर ठेवून ओल्या माध्यमावर नुसत्या टेकवा, पुरू नका, आणि तिथून पुढे ओल तोडू नका.

जाग येताना, आणि पानांपासून नवी झाडं

मेक्सिकनच्या मध्यातून एक दिवस जरा लांब, रुंद पान डोकावतं आणि उजेडात धरलं की त्यावर पहिले थेंब दिसतात. लगेच ट्रे भरू नका. अशी दोन-तीन पानं येऊ द्या, तोपर्यंत काठाने दिलं जाणारं पाणी चमच्या-चमच्याने वाढवा, मग ट्रेमध्ये पातळ थर, मग नेहमीसारखं. पंधरा-वीस दिवसांत घडी बसते.

जाग यायच्या जरा आधीचा काळ कुंडी बदलायला सगळ्यात चांगला, मुळं नावालाच असतात, काही तुटत नाही. आणि पानं काढायलाही हाच. झोपेतली जाड पानं मोठ्या चिकट पानांपेक्षा खूप सहज रुजतात. झाड हातात धरा, बाहेरच्या बाजूचं एक पान देठाशी पकडून बाजूला हलकंच ओढा, टक् करून सुटलं पाहिजे आणि खालचं पांढरं टोक सोबत आलं पाहिजे. ते पांढरं टोक नसेल तर सहसा काही उगवत नाही, तसलं पान फेकून द्या. एका झाडावरून पाच-सहा पानं काढली तर झाडाला काही होत नाही.

ही पानं दमट, ओलीगच्च नाही, अशा माध्यमावर आडवी ठेवायची, पांढरं टोक मातीला टेकलेलं, वरची बाजू वरच. लख्ख उजेड, थेट ऊन नाही. दोन ते सहा आठवड्यांत त्या टोकाशी भिंगातूनच दिसावं असं हिरवं टिंब येतं, कधी एक कधी तीन. पान एखादं काळं पडून विरघळलं तर लगेच उचला, शेजारच्याला लागतं. मध्यभाग कुजलेल्या झाडाचीसुद्धा बाहेरची घट्ट पानं अशीच वाचवता येतात, माझ्याकडची आजची मोरानेन्सिस मेलेल्या दुसऱ्या झाडाच्या तीन पानांतून आलीय.

रोग-किडीचं फार नसतं. फुलाच्या दांड्यावर मावा आला तर दांडाच कापून टाका. मिलीबग, म्हणजे कापसासारखे पांढरे किडे, पानांच्या बेचक्यात बसतात, टूथपिकने उचला. पानांवर साबणाचं पाणी किंवा तेल फवारू नका, चिकट ग्रंथी त्याने बंद पडतात.

पोस्टाने आलेलं झाड पहिले दोन आठवडे मरगळलेलं आणि बिनथेंबांचं दिसतं, त्याला लगेच खाद्य किंवा ऊन देऊ नका. आणि पाण्याचं काय करायचं ते ठरवायच्या आधी त्याच्या मध्यावर बोट टेकवून बघा, चिकट लागतंय का नाही.